डरहॅम बुल्सच्या मैदानावर काय खावं, कोणती बिअर घ्यावी?

सायली_कॅरी

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली, डरहॅम, कॅरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात आता आपली मंडळी भरपूर आहेत. उन्हाळा आला की कुणाचे आईबाबा येतात, कुणाचे सासूसासरे येतात, आणि त्यांना संध्याकाळी कुठे न्यायचं हा प्रश्न घरोघरी पडतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: डरहॅम बुल्सचा सामना. बेसबॉलमधलं काही कळत नसलं तरी अडत नाही. मात्र जेवून जाऊ नका, भूक घेऊन जा. या धाग्याचा विषय तोच आहे.

नवीन लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. बुल्स हा मायनर लीगमधला ट्रिपल-ए संघ आहे, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या खालची पहिली पायरी. १९९८ पासून तो टॅम्पा बे रेज या मेजर लीग संघाशी जोडलेला आहे. आज इथे खेळणारा पोरगा पुढच्या आठवड्यात टीव्हीवर दिसू शकतो. मैदान १९९५ चं, साधारण दहा हजार लोक बसतील एवढं. शेजारी तंबाखूच्या जुन्या कारखान्यांच्या लाल विटांच्या इमारती आहेत, त्यात आता ऑफिसं आणि हॉटेलं थाटली आहेत. लकी स्ट्राइकची पाण्याची टाकी आणि चिमणी अजून उभी आहे. डावीकडे ३२ फूट उंचीची निळी भिंत आणि तिच्यावर तो प्रसिद्ध बैल. बुल्सच्या खेळाडूने होमरन मारला की त्याचे डोळे लाल होतात, शेपटी हलते आणि नाकपुड्यांतून धूर येतो. लहान मुलांसाठी तेवढ्यावरच तिकीट वसूल.

आता खाणं. माझा आग्रह एकच आहे: त्या गावाचं खा आणि त्या गावाचं प्या. पिझ्झा, बर्गर, चिकन टेंडर्स कुठल्याही हायवेवर मिळतात. नॉर्थ कॅरोलायनात बसून तेच खायचं असेल तर मैदानावरचे चढे दर कशाला मोजायचे?

मांसाहारी असाल तर बार्बेक्यू सँडविच घ्या. इथे बार्बेक्यू म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवून धागे काढलेलं डुकराचं मांस. राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात आणि वर फक्त व्हिनेगर, मिरी, लाल मिरचीचं पातळ पाणी घालतात. पश्चिमेला, लेक्सिंग्टनच्या बाजूला, खांद्याचं मांस घेतात आणि त्या पाण्यात थोडं केचप पडतं. या दोन गटांचं भांडण पिढ्यान् पिढ्या चालू आहे. सँडविचमध्ये मांसावरच कोबीची कोशिंबीर, म्हणजे स्लॉ, रचलेली असते. ती काढून बाजूला ठेवू नका. मांसाची चरबी, व्हिनेगरचा आंबटपणा आणि कोबीचा कुरकुरीतपणा एका घासात आला पाहिजे. आणि हातात पडल्यावर लगेच खा. पाव मऊ असतो, व्हिनेगर शोषून घेतो, एक डाव संपेपर्यंत खालचा अर्धा भाग हातात येतो.

दुसरी गोष्ट कॅरोलायना पद्धतीचा हॉट डॉग. मोहरीची पेस्ट, चिरलेला कांदा, स्लॉ आणि वर चिली. मात्र गोमांस खात नसाल तर इथे सावध राहा. ती चिली म्हणजे गोमांसाच्या खिम्याचा रस्सा असतो, आणि सॉसेजही बऱ्याचदा पूर्ण गोमांसाचं असतं.

आणि बिअर. या मैदानाच्या आतच बिअर बनते. बुल डरहॅम बिअर कंपनी २०१५ पासून इथे आहे. मेजर लीगच्या मोठमोठ्या मैदानांवरसुद्धा प्रत्येकाकडे हे नाही. मैदानावर तुमच्या आवडीचा मोठ्या कंपनीचा डबा मिळेल, पण पहिला ग्लास इथे बनलेल्या बिअरचा घ्या, एवढी माझी विनंती.

स्टॉल दर हंगामात थोडे बदलतात, म्हणून आत शिरल्या शिरल्या पहिल्या रांगेत उभं राहू नका. आधी एक फेरी मारा, मग ठरवा. तुमच्या आवडीचं लिहा. दुसऱ्या गावांच्या मायनर लीग मैदानांबद्दलही लिहा, मला वाचायचंय.

मुळशीकर

सायली, झकास धागा. मी पुण्यात असतो, बेसबॉलचा संबंध शून्य, पण बिअरबद्दल वाचलं की राहवत नाही. २००९ साली पुण्यात डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी जागा सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा कळलं की बिअर ताजी असते म्हणजे काय. तोवर बाटली फोडायची आणि गार आहे ना एवढंच बघायचं. मैदानातच बनवतात म्हटल्यावर उत्सुकता वाढली. कोणत्या प्रकारची असते? उन्हात बसून दोनअडीच तास प्यायची तर हलकीच हवी.

सायली_कॅरी

मुळशीकर, त्यांची कोल्श पद्धतीची बिअर आहे ती मला सगळ्यात आवडते. फिकट सोनेरी, स्वच्छ, कडवटपणा अगदी बेताचा. माझ्या नवऱ्याला आयपीए, म्हणजे जास्त कडवट बिअर, लागते, पण जुलैच्या दमट संध्याकाळी तोही कोल्शवरच येतो.

मुळशीकर

कोल्श म्हणजे योग्य निवड. मूळची जर्मनीतल्या कोलोनची. यीस्ट एलचं, वर राहून आंबवणारं, पण आंबवून झाल्यावर लागरसारखी थंडीत मुरवतात. त्यामुळे एलचा किंचित फळांचा वास राहतो आणि शेवट लागरसारखा कोरडा होतो. अल्कोहोल साधारण पाच टक्क्यांच्या आतबाहेर. व्हिनेगरच्या बार्बेक्यूबरोबर हीच चालेल. कडक आयपीए घेतली तर हॉप्सचा कडवटपणा आणि व्हिनेगर दोन्ही जिभेवर एकदम चढतात, मांसाची चव मागे पडते.

तिथे विट बिअर दिसली तर तीही घेऊन बघा. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात. आपल्या जिभेला धण्याची ओळख असल्यामुळे ज्यांना बिअर आवडत नाही असे आपले बरेच लोक ही मात्र आवडीने पितात, हा माझा अनुभव आहे. तळलेल्या पदार्थांबरोबर छान लागते.

सायली, एकच विचारतो. ग्लासात ओतताना फेस ठेवतात का? तिकडचे लोक काठोकाठ मागतात असं ऐकलंय. बोटभर फेस असला तरच वास नाकापर्यंत येतो.

सायली_कॅरी

ठेवतात, पण प्लॅस्टिकच्या ग्लासात तो फार टिकत नाही. पुढच्या वेळी मुद्दाम लक्ष ठेवते.

डॉ_गोधडी

मैदानावर कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडं गणित लिहितो, कारण इथे लोकांची फसगत होते. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १२ औंस, साधारण ३५५ मिली, पाच टक्क्यांची बिअर. त्यात १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. मैदानावर मिळणारे मोठे डबे बहुधा २४ औंसांचे असतात. म्हणजे हातात एक डबा दिसला तरी पोटात दोन ड्रिंक गेली. १६ औंसांच्या ग्लासात सात टक्क्यांची आयपीए घेतली तर जवळजवळ १.९ ड्रिंक होतात. 'मी फक्त दोन घेतल्या' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात चारच्या घरात असतो.

नॉर्थ कॅरोलायनात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ आहे. शरीर साधारण तासाला एक ड्रिंक निचरतं. ज्यांचा व्हिसा आहे त्यांना अशी एक केस पुढे वर्षानुवर्षं त्रास देते, व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. ज्याने गाडी चालवायची त्याने चेरवाइन किंवा स्वीट टी घ्यावी, इतकं सरळ ठेवा. चेरवाइन हे इथलंच चेरीच्या चवीचं सरबत, सॉल्सबरी गावात १९१७ पासून बनतं. गडद लाल, भरपूर फेसाळ. मुलांना आवडतं आणि तेही त्या गावाचंच आहे, त्यामुळे सायलीचा नियम पाळला जातो.

आणि आणखी एक. नातेवाईक पाहुणे बिअर घेणार असतील तर पासपोर्ट बरोबर ठेवा. इथे वयाचा पुरावा म्हणून अमेरिकेतल्या राज्यांचा परवाना, सैन्याचं ओळखपत्र, पासपोर्ट अशी ठरावीक कागदपत्रं धरतात. आधार कार्ड दाखवून उपयोग नाही. केस पांढरे असले तरी मागतात, त्यात अपमान मानू नये.

सात्त्विक_माणूस

शाकाहारी लोकांसाठी कुणीच लिहिलं नाही म्हणून मी सुरुवात करतो. आमच्या घरी अंडंही चालत नाही. मैदानावर उपाशी राहावं लागत नाही, पण विचारावं लागतं.

भाजलेल्या सालीच्या शेंगा हा पहिला पर्याय. शेंगा, मीठ, बस. टरफलं पायाखाली टाकायची, तिथे ती पद्धतच आहे, सामना संपल्यावर झाडतात. सॉफ्ट प्रेट्झेल बहुतेक वेळा मैदा, यीस्ट, मीठ एवढ्याचाच असतो, वर बटर लावू नका म्हणून सांगता येतं. मोहरीच्या पेस्टबरोबर खावा. कणीस मिळालं तर उत्तम. नाचो घेताना खालची बीन्स विचारा. वाटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. साधे चिप्स, चीज सॉस आणि हालापेन्यो मिरच्या घेतल्या की प्रश्न मिटला. फनेल केकमध्ये अंडं असतं. हशपपी, म्हणजे मक्याच्या पिठाची भजी, दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यातही अंडं आणि ताक असतं.

सगळ्यात महत्त्वाचं तेल. फ्राइज ज्या तेलात तळतात त्याच तेलात चिकन तळलेलं असण्याची शक्यता भरपूर. खिडकीवर सरळ विचारा, 'शेअर्ड फ्रायर आहे का?' तरुण मुलं असतात, माहीत नसेल तर आत जाऊन विचारून येतात, आजवर कुणी वाकडं तोंड केलेलं नाही. व्हेज बर्गरच्या बाबतीत तव्याचा तोच प्रश्न विचारा.

त्या बैलाच्या फलकावर काय लिहिलंय ते सायलीने सांगितलं नाही. चेंडू बैलाला लागला तर खेळाडूला स्टेक, आणि खालच्या गवताला लागला तर सॅलड! शाकाहाऱ्याची सोय फलकावरसुद्धा केलेली आहे हे पाहून मला फार आनंद झाला होता.

अरुंधती_ना

सात्त्विक, आषाढी एकादशी दर वर्षी ऐन हंगामात येते. माझ्या सासूबाई निर्जळ करत नाहीत, पण उपासाचं पाळतात. त्या दिवशी तिकिटं आलीच तर?

सात्त्विक_माणूस

अरुंधतीताई, सालीच्या शेंगा आहेतच. बटाट्याचे साधे खारे चिप्स बंद पाकिटातले घ्या, मागे घटक छापलेले असतात, बटाटा, तेल, मीठ एवढेच हवेत. कापलेली फळं काही ठिकाणी मिळतात. बाहेरून काय आणू देतात हे प्रत्येक क्लब वेगळं ठरवतो, त्यांच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा. घरून राजगिऱ्याची वडी नेता आली तर प्रश्नच नाही.

दक्षिणेकडच्या राज्यांत रस्त्यावर उकडलेल्या शेंगांचे स्टॉल दिसतात तेही सासूबाईंना नक्की दाखवा. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडतात. शेजारच्या साउथ कॅरोलायनाने २००६ मध्ये त्यांना राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलंय. माझ्या आईने पहिली शेंग सोलली आणि म्हणाली, ही तर आपल्या शेतावरची.

हर्षदा_हार्टफर्ड

शेंगांचं इतकं कौतुक वाचून लिहायला बसले. माझ्या धाकट्याला शेंगदाण्याची गंभीर अ‍ॅलर्जी आहे. बेसबॉलचं मैदान म्हणजे पायाखाली टरफलांचा खच, हवेत धूळ. आम्हाला वर्षानुवर्षं वाटत होतं की हा खेळ आमच्या घरासाठी नाही.

२०१९ मध्ये इथल्या हार्टफर्ड यार्ड गोट्स या मायनर लीग क्लबने आपलं अख्खं मैदान शेंगदाणामुक्त केलं. शेंगा नाहीत, क्रॅकर जॅक हा शेंगदाणे घातलेला गोड पॉपकॉर्नही नाही. तेव्हा परंपरा बुडाली म्हणून ओरडणारेही होते. शेंगा आणि क्रॅकर जॅक या दोन वस्तू बेसबॉलच्या शंभर वर्षांपूर्वीच्या गाण्यातच आहेत, त्यामुळे राग समजू शकतो. पण माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा इतर मुलांच्या मध्ये बसून सामना पाहिला. तो पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि मी पहिल्या दोन डावांत खेळाकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडेच बघत होते.

ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्यांनी आपापल्या जवळच्या क्लबला विचारावं. बरेच क्लब हंगामात काही सामने किंवा काही विभाग शेंगदाणामुक्त ठेवतात. मायनर लीगचा फायदा हा की फोन केला तर माणूस उचलतो आणि ऐकून घेतो.

सायली_कॅरी

हर्षदा, हे मला माहीत नव्हतं. आमच्या गटात एका मुलीला अ‍ॅलर्जी आहे, तिच्या आईला आजच कळवते. मनापासून आभार.

बापूकाका

इतक्या छान चर्चेत विरोधी सूर लावतोय, गैरसमज नसावा. नातवंडांना घेऊन एकदा गेलो होतो, कुठलं मैदान ते महत्त्वाचं नाही. पाठीमागच्या रांगेत काही तरुण पाचव्या डावापर्यंत पूर्ण रंगात आले होते. भाषा ऐकवत नव्हती. जिथे शाळकरी मुलं शेकड्यांनी येतात तिथे बिअर हवीच कशाला? आपल्याकडे वानखेडेवर पोरं वडापाव खाऊन सामना बघतात, त्यांचं काही अडत नाही.

देशपांडे_सेंट_लुईस

बापूकाका, तुमची तक्रार बेसबॉलमध्ये फार जुनी आहे. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या क्लबला नॅशनल लीगने बाहेर काढलं, कारण मैदानावर बिअर विकणं त्यांनी सोडलं नाही. मग १८८२ मध्ये दुसरी लीग उभी राहिली, अमेरिकन असोसिएशन. तिकीट पंचवीस सेंट, रविवारी सामने आणि बिअरला परवानगी. आमच्या सेंट लुईसच्या संघाचा मालक ख्रिस फॉन डेर आहे (Chris von der Ahe) हा जर्मनीहून आलेला, स्वतःचा बार चालवणारा माणूस. जर्मन कामगारांना सुट्टी फक्त रविवारी असायची आणि त्यांच्याकडे बिअर हा कुटुंबासह बसून घेण्याचा प्रकार होता. त्या लोकांना मैदानाची दारं उघडली ती या लीगने. आजचे कार्डिनल्स त्याच संघातून आले.

पण तुमच्या बाजूने बोलणारा पुरावाही आहे. ४ जून १९७४ ला क्लीव्हलंडमध्ये टेक्सास रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात दहा सेंटला एक ग्लास बिअर विकली. पंचवीस हजारांवर लोक आले. नवव्या डावात बरोबरी असताना प्रेक्षक मैदानात घुसले, खेळाडूंना बॅटी घेऊन एकमेकांचं रक्षण करावं लागलं आणि सामना टेक्सासला बहाल झाला. तो मेजर लीगचा सामना होता, पण धडा सगळ्यांनी घेतला. बहुतेक मैदानांवर सातव्या डावाच्या आसपास विक्री थांबवण्याची प्रथा आहे ती याच काळजीपोटी.

बापूकाका

माहितीबद्दल आभार, देशपांडे. रविवार आणि कामगारांचा मुद्दा पटला. माझं मत तरी कायम आहे. पिणाऱ्यांनी प्यावं, पण मुलांसाठी निराळी जागा असावी.

सायली_कॅरी

काका, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि सोय असते. काही मैदानांवर दारूविरहित विभाग असतात, तिकीट काढतानाच विचारायचं. आणि वार पाहून जा. गुरुवारी बऱ्याच ठिकाणी स्वस्त बिअरचा दिवस असतो, थर्स्टी थर्सडे. त्या दिवशी कॉलेजची मुलं येतात. आजीआजोबा आणि नातवंडांसाठी रविवार उत्तम, तेव्हा बहुतेक क्लब मुलांसाठी काहीतरी ठेवतात. सोमवारचा बेत करू नका, २०२१ पासून संघ एका गावात मंगळवार ते रविवार सहा सामने खेळतो आणि सोमवारी सुट्टी असते.

कोंडाजी_अ‍ॅशव्हिल

थर्स्टी थर्सडे म्हटलंत म्हणून लिहितो. तो आमच्या अ‍ॅशव्हिलचा! अ‍ॅशव्हिल टूरिस्ट्स या मायनर लीग क्लबने १९८० च्या दशकात तो सुरू केला आणि नावाचा ट्रेडमार्कही त्यांच्याकडेच आहे. नॉर्थ कॅरोलायनात हॅपी अवरला बंदी आहे, म्हणजे दोन तासांपुरतं स्वस्त करता येत नाही, दर कमी केला तर दिवसभर तोच ठेवावा लागतो. अख्खा गुरुवार स्वस्त ठेवणं त्या कायद्यातही बसतं.

आज या राज्यात बिअरची इतकी चंगळ आहे त्याचं श्रेयही एका कायद्याला आहे. २००५ पर्यंत इथे सहा टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची बिअर विकायला बंदी होती. 'पॉप द कॅप' नावाची मोहीम स्थानिक बिअरप्रेमींनी चालवली आणि मर्यादा पंधरा टक्क्यांवर गेली. त्यानंतर अ‍ॅशव्हिल, डरहॅम, शार्लट इथे भट्ट्यांमागून भट्ट्या उघडल्या. बुल्सच्या मैदानातली भट्टी त्याच लाटेतली समजा.

मुळशीकर

कोंडाजी, सुंदर माहिती. सहा टक्क्यांच्या मर्यादेत कोल्श बसते पण डबल आयपीए, बार्लीवाइन, बेल्जियन ट्रिपल अशी कडक बिअर काहीच बसत नाही. म्हणजे तिथल्या लोकांना २००५ पर्यंत अर्धी बिअर माहीतच नसणार. आपल्याकडे राज्यागणिक उत्पादन शुल्क बदलतं आणि त्यानुसार काय बनवायचं तेही बदलतं, म्हणून हे वाचताना जवळचं वाटलं.

वैभव_लीहाय

पेनसिल्व्हेनियातून हजेरी. आमचा क्लब लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज, फिलाडेल्फिया फिलीज या मेजर लीग संघाचा ट्रिपल-ए, अ‍ॅलनटाउनमध्ये, मैदान २००८ चं. नावात कच्चं लोखंड, म्हणजे बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यांची आठवण, पण क्लबने डुकराचा अर्थ उचलला. टोपीवर बेकनची पट्टी, शुभंकर डुक्कर आणि स्टॉलवर बेकन. मी खातो म्हणून मला मजा येते, पाहुणे खात नसतील तर आधी कल्पना द्या.

सायलीच्या 'त्या गावाचं खा' या म्हणण्याला मायनर लीगमध्ये फार अर्थ आहे. मेजर लीगचा संघ अख्ख्या देशाला माहीत असतो. मायनर लीगच्या संघाला आपलं गाव कशासाठी ओळखलं जातं ते सांगावं लागतं, आणि ते बहुधा खाण्यातून सांगतात. अलाबामात मॉन्टगोमेरीचा संघ आहे, त्याचं नावच बिस्किट्स. सामन्यात प्रेक्षकांत खरी बिस्किटं, म्हणजे तिकडचे मऊ छोटे पाव, उडवतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचा संघ २०१५ मध्ये एका सामन्यासाठी 'टाकोज' म्हणून उतरला, कारण तिथल्या टाको ट्रकवाल्यांचा मोठा उत्सव क्लबच भरवतो. ते नाव इतकं लोकप्रिय झालं की परत परत वापरलं. त्या भागात शेतमजुरी करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांना आपलं रोजचं जेवण खेळाडूच्या छातीवर दिसलं, याचं मोल मोठं आहे.

मृण्मयी_डॅलस

नाचोजचा उल्लेख आला म्हणून. मैदानावर मिळणारे ते पिवळ्या पातळ चीजचे नाचोज आमच्या आर्लिंग्टनचे. १९७६ मध्ये फ्रँक लिबर्टो यांनी टेक्सास रेंजर्सच्या मैदानावर ते विकायला काढले. मूळ नाचोज मेक्सिकोतले, त्यात खरं चीज वितळवून लावायचे, त्याला वेळ लागतो. मैदानावर दोन डावांच्या मध्ये लोक धावत येतात, तिथे प्रत्येक ताटलीला ओव्हन कुठून आणणार? म्हणून पंपातून ओतता येईल असं सॉस काढलं. चवीत ते मूळ नाचोजच्या जवळपासही नाही, हे माझं स्पष्ट मत. तरी कढत्या उन्हात हालापेन्योच्या चकतीबरोबर मला ते हवंसं वाटतं.

नवा_गडी

सायलीताई, मी मागच्या महिन्यातच मॉरिसव्हिलला आलोय. चर्च स्ट्रीट पार्कवर मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले होते म्हणून या गावाचं नाव ऐकून होतो. बेसबॉल पाहिलेला नाही. खायला उठायचं कधी? क्रिकेटमध्ये षटक संपलं की कळतं. आणि सामना किती वेळ चालतो?

सायली_कॅरी

नवा_गडी, स्वागत! नऊ डाव असतात आणि प्रत्येक डावाचे दोन भाग. बाजू बदलताना दोनेक मिनिटं मिळतात, पण तेव्हा सगळेच उठतात. माझी पद्धत सांगते. गेट उघडल्यावर लगेच आत या, सामना सुरू व्हायच्या आधी मुख्य जेवण उरका. मग तिसऱ्या किंवा चौथ्या डावात, खेळ चालू असताना, दुसरी बिअर किंवा आइस्क्रीम आणायला जा. रांग अर्धी असते, एखादा फटका हुकेल एवढंच.

पूर्वीइतकं रेंगाळत बसता येत नाही हेही लक्षात ठेवा. २०२२ पासून मायनर लीगमध्ये सगळीकडे पिच क्लॉक लागलं, म्हणजे गोलंदाजाने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. त्याने सामने सरासरी २५ मिनिटांनी आटोपशीर झाले, आता अडीच तासांच्या आसपास. पुढच्या वर्षी मेजर लीगनेही तेच केलं, आणि बिअर विकायला वेळ कमी पडतो म्हणून तिथल्या काही क्लबांनी विक्री आठव्या डावापर्यंत वाढवली.

डॉ_गोधडी

हे मला अजिबात पटलेलं नाही. सातव्या डावानंतर थांबण्यामागे घरी जायच्या आधी शरीराला वेळ मिळावा हाच विचार होता. सामना लवकर संपतोय तर विक्रीही लवकर थांबायला हवी. फिलीजच्या मॅट स्ट्रॅम या खेळाडूने तेव्हा जाहीरपणे हेच म्हटलं होतं, आणि खेळाडूने ते बोलून दाखवलं याचं मला कौतुक वाटलं.

बापूकाका

डॉक्टर, शंभर टक्के सहमत.

मुळशीकर

मीही सहमत, आणि मी बिअरच्या बाजूचा माणूस आहे. चांगली बिअर दोन पुरते.

नवा_गडी

सगळ्यांचे आभार. ठरलं, येत्या रविवारी चौघे मित्र जातोय. एक पूर्ण शाकाहारी, एक गोमांस न खाणारा, दोघं काहीही खाणारे. गाडी माझी, म्हणजे मी चेरवाइनवर. सायलीताई, बार्बेक्यू सँडविचबरोबर आणखी काय घ्यावं?

सायली_कॅरी

स्लॉची वेगळी वाटी मिळाली तर घे, आणि लोणच्याची काकडी. तीही इथलीच असते बऱ्याचदा, माउंट ऑलिव्ह नावाचं गाव आहे राज्याच्या पूर्वेला, तिथली लोणची सगळीकडे जातात. शाकाहारी मित्राला सात्त्विकचा प्रतिसाद वाचायला दे. गोमांस न खाणाऱ्याने बार्बेक्यू घ्यावं, हॉट डॉग नको. टोप्या घ्या, पाणी पीत राहा, दुपारच्या सामन्यात ऊन फार लागतं. वीज चमकली तर खेळ थांबवतात, तेव्हा घाबरून निघून येऊ नका, उन्हाळ्यातला पाऊस इथे बऱ्याचदा पाऊण तासात ओसरतो. आल्यावर इथे लिही, कोणकोणते स्टॉल या वर्षी आहेत ते मला हवंय.

सात्त्विक_माणूस

आणि तेलाचं विचारून ये. तीन नंबरच्या खिडकीपाशी मागच्या हंगामात वेगळा फ्रायर होता, अजून आहे का बघ.